पोलक्यापायी पनवेलहून मोराव्हियाला

माझं आयुष्य पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीत बदललं. शर्वरी म्हणाली, "मला पोलका जाम आवडतो," आणि मी आठवड्याभरात तिला हिरव्या खणाचं पोलकं शिवून आणलं.

ती खांदा कॉलनीतली, व्हायोलिन वाजवणारी. मी आगरी, हळदीत बेंजो वाजवणारा. माप विचारायची हिंमत नव्हती, म्हणून शिंप्याला आत्याचं माप दिलं होतं. शर्वरीने पिशवी उघडली आणि उसाचा रस तिच्या नाकातून बाहेर आला.

"अरे येड्या, पोलका म्हणजे नाच. चेक लोकांचा."

पण पोलकं तिने परत दिलं नाही. थोड्याच दिवसांत ती वर्षभरासाठी चेक देशातल्या मोराव्हियाला, ब्रनो शहरात संगीत शिकायला गेली. निघताना मी सरळ लग्नाचं विचारलं. "विचार करते," म्हणाली.

विचार चालू असतानाच तिने फोटो टाकला. शेजारी भरतकामाचं जाकीट घातलेला उंच, गोरा पोरगा आणि खाली 'माझा पोलका पार्टनर'. मी तिथल्या तिथे तिकीट शोधायला बसलो. तुम्ही जाणार असाल तर दोन-तीन महिने आधी काढा, रागात काढलेलं तिकीट महाग पडतं. शिवाय शेंगेन व्हिसावाल्यांना तुमचा राग समजत नाही. ते त्यांच्या सवडीनेच देतात.

हे सगळं आत्याला कळलं. आत्या आमच्याकडची धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणणारी. ती आल्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नाही.

"मी पन येनार," ती म्हणाली. "तू एकला गेलास तं मारामारी करून येशील."

"आत्ये, मी शांतपणे बोलायला चाललोय."

"कालेजात पन शांतपनेच बोलाला गेल्तास."

त्याचं असं झालं की गॅदरिंगला आमच्या बेंजो पार्टीला परवानगी मिळाली नाही. प्रिन्सिपल सर म्हणाले, "बेंजो म्हणजे संगीत नव्हे." मी शांतपणे बोलायला गेलो, भांडून आलो आणि दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं. चूक सरांची होती, हे माझं मत आजही कायम आहे.

मुंबईहून प्रागला आम्हाला आखातात विमान बदलावं लागलं. कामाची गोष्ट सांगतो: बाहेरून युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, सुकी मासळी मात्र चालते. शर्वरीसाठी घेतलेले पेढे आत्याने विमान बदलताना उभ्या उभ्या संपवले. सुकट मानाने युरोपात शिरली.

प्रागमध्ये पायी फिरा, पण जाड तळव्याचे बूट घाला, सगळीकडे दगडी फरशी आहे. नदीवरच्या पुलावर आमच्या गाइडने सांगितलं की या नदीवर इथल्या एका संगीतकाराने फार मोठी रचना केली, आणि तेव्हा त्याचे कान पूर्ण गेले होते. मी आत्याला मराठीत समजावलं.

"आपल्या गाढी नदीवर कराचा असंल," आत्या म्हणाली, "तं नाक गेलेला मानूस पायजे."

गाइडने आणखी एक सांगितलं. जुन्या काळी इथल्या खेड्यांत शाळेचा मास्तरच चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि पोरांना गाणं-वाजवणं शिकवायचा. त्या शाळांतली पोरं पुढे युरोपभरच्या दरबारांत वाजवायला गेली. मला आमचे सर आठवले. मी तोंड उघडायच्या आतच आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला.

प्राग ते ब्रनो रेल्वेने अडीच-तीन तास. जेवणात क्नेडलिक मिळतात, वाफवलेल्या पावाच्या कापांसारखे, रश्शाबरोबर. शाकाहारी असाल तर तळलेलं चीज मागा. आत्याने क्नेडलिकवर सुकट पसरली आणि म्हणाली, "आता लागतंय कायतरी."

शर्वरी स्टेशनवर आली होती. मी भाषण पाठ करून आणलं होतं, पण तिने आधी आत्याला मिठी मारली आणि मग दोघी माझ्यापुढे चालू लागल्या. ती सांगत होती की या गावात एक संगीतकार लोकांचं बोलणं ऐकत फिरायचा, बाजारातल्या बायकांचंसुद्धा, आणि ते सुरांत लिहून घ्यायचा.

"मंग? येडा नवता तो," आत्या म्हणाली. "'ये गो' म्हनलं तं येक सूर, 'ये गो बाय' म्हनलं तं दुसरा."

माझं भाषण राहिलंच.

शनिवारी बसने जवळच्या खेड्यातल्या जत्रेला गेलो. मैदानात एक उंच झाड उभं केलं होतं आणि त्याखाली ब्रास बँड, आपल्या वरातीतल्या बँडचा सख्खा चुलतभाऊ. "कपडे बदलून येते," म्हणून शर्वरी गायब झाली. तेवढ्यात फोटोतला पोरगा समोर आला. टोमाश त्याचं नाव. हसत हसत त्याने दोन्ही हात पुढे केले. मी बाह्या सरसावल्या आणि त्याला ढकललं.

तिथे ढकलणं म्हणजे नाच सुरू. टोमाशने माझी कंबर धरली, मला गर्रकन फिरवलं आणि आम्ही निघालो. "पुलका, पुलका," तो ओरडत होता. सुटायला जावं तर तो आणखी जोरात फिरवायचा. बँडचा ठेका कानात शिरला आणि माझे पाय मला न विचारता हळदीत नाचतात तसे पडायला लागले. अख्खा पोलका मी माझ्या दुष्मनाच्या मिठीत नाचलो. मग त्याने मला त्याच्या गर्लफ्रेंडकडे नेलं. ती बँडमध्ये ट्युबा, म्हणजे भला मोठा पितळी भोंगा, वाजवत होती आणि माझ्यापेक्षा दणकट होती. माझा राग एकदम निराधार झाला.

तिकडे आत्या चार म्हाताऱ्यांमध्ये बसून धवला गात होती. तिचं झालं की त्या त्यांची लग्नाची गाणी म्हणायच्या. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण गाण्यातली नवरी सासरी निघाली की सगळ्यांचे पदर आणि रुमाल डोळ्यांना लागत होते.

आणि शर्वरी आली. अंगात हिरव्या खणाचं पोलकं, आत्याच्या मापाचं, म्हणून पाठीला सेफ्टी पिनांची रांग.

"इथे सगळे आपापल्या गावचं घालतात," ती म्हणाली. "आणि ऐक. हा नाच युरोपात इतका गाजला होता की कपड्यांनासुद्धा त्याचं नाव पडलं. आपलं पोलकं तिथूनच आलं म्हणतात. तू फार चुकला नव्हतास."

मी भाषण विसरलो. "मग विचार झाला का?"

"टोमाश काय ओरडत होता, माहितीये? पुलका म्हणजे अर्धं. पोलक्याचं नाव त्यावरूनच पडलं असं बरेच जण मानतात, त्यातल्या अर्ध्या पावलावरून. तर माझं अर्धं हो."

"अर्धं हो काय असतं?"

"अर्ध्या कॉलेजला अर्धं हो. उरलेलं कॉलेज कर, उरलेलं हो घेऊन जा."

मला इतका राग आला की मी जाऊन टोमाशला पुन्हा ढकललं.

घरी परतल्यावर बाबांनी विचारलं, "काय आणलंस?" मी म्हणालो, "अर्धं." प्रागचे पूल आठवणीत हळूहळू एकमेकांत मिसळायला लागलेत, क्नेडलिकची चव तर सुकटीखाली गेलीच. राहिलंय ते फक्त अर्धं पाऊल. पळस्पे फाट्याला रिक्षाची वाट बघतानासुद्धा पाय आपोआप पडतो.

आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, बेंजो काखेत मारला. सरांना आधी पोलका वाजवून दाखवणार, मग परत प्रवेशाचं विचारणार. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "कोनाला ढकलू नको."

"आणि सरांनी मला ढकललं तर?"

"तं नाच."

मी चपला घातल्या, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.