दिलेल्या पोरी

"पोरी किती? दिलेल्या धरून सांगा."

समोर कोणीही बसलेलं असो, मॅडमचा पहिला सवाल हाच. कॅन्सर एखाद्या घराण्यात रक्तातून उतरतो का, हे तपासणाऱ्या त्या शास्त्रज्ञ. प्रयोगशाळा त्यांची शहरात. महिन्यातून एकदा त्या आमच्या बुलढाण्याच्या दवाखान्यात यायच्या आणि रक्ताचे नमुने घ्यायला मी त्यांच्या शेजारी असायचे. कागदावर त्या घराण्याची आखणी करायच्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आमच्याकडे चौकोन भराभर निघतात. गोल ओढून काढावे लागतात, कारण लग्न झालेली मुलगी इथे कोणी मोजतच नाही.

"तिले त देली," एक जण म्हणाला.

"देली म्हंजे रक्त बदललं का तिचं?"

शिक्षण पुण्याचं, बोलणं एरवी अगदी छापील. पण राग आला की आतलं गाव, संग्रामपूर, बाहेर पडायचं, आणि राग रोजच यायचा. एका बापानं ठणकावून सांगितलं, की छातीचा कॅन्सर बायकांचा, तो बापाकडून येईलच कसा. मॅडमनी विचारलं, पोरगी काय एकट्या मायची हाय का? त्याची बायको पदराआड हसली. मॅडमनी आपला चहा तिच्यापुढे सरकवला. अशा रागाला तुम्हीही घाबरला नसता.

मोताळ्याची एक बाई होती. अंडाशयाचा कॅन्सर. तिच्या जनुकात दोष सापडला, छातीच्या कॅन्सरलाही कारण होणारा, आणि तो लेकरांत उतरण्याची शक्यता निम्मी. मुलाचं नाव तिनं लगेच सांगितलं. एक मुलगी डोणगावला दिलेली आहे, हे मॅडमनी खोदून काढलं. त्या मुलीला कळणं गरजेचं होतं. आधी कळलं तर नीट लक्ष ठेवता येतं, पुष्कळ काही टाळताही येतं.

आई म्हणाली, "तिले सांगू नोका. सासरचे तिले माहेरी आणून टाकतीन."

नियम असा, की रुग्णाचा अहवाल त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांनाही सांगायचा नाही. मग मॅडम दर महिन्याला काम आटोपून मोताळ्याला जाऊ लागल्या. समजावलं, रागावल्या, एकदा तर त्या बाईपुढे हात जोडले. मुलगा दारातच उभा राहायचा, घरची गोष्ट घरात राहू द्या म्हणायचा. स्वतःची तपासणी त्यानं केव्हाच गुपचूप करून घेतली होती. दोष नाही हे कळल्यावर पेढेही वाटले असतील. त्याचं तोंड आठवलं तरी अजून माझं डोकं तडकतं.

आई गेली. आता परवानगी मुलाच्या हातात होती, त्यानं नकार सोडला नाही. मॅडमनी वर परवानगी मागितली, वरच्यांनी नियमावर बोट ठेवलं. तुम्ही म्हणाल, नियमाला कारण असतं. असतं, मलाही ते पाठ आहे.

मग एक दिवस ती मुलगी आपणहून आली, छातीत गाठ घेऊन. आईवर इथेच उपचार झाले, एवढंच तिला ठाऊक होतं. मॅडमनी तिचं रक्त तपासलं. आईचा दोष तिच्यातही निघाला.

"तुमाले माईत होतं?" तिनं विचारलं.

"तुया मायचं माईत होतं. तुले असू शकते, हे बी माईत होतं."

"मायनं नाई सांगतलं, समजलं मले. भावानं नाई सांगतलं, ते बी समजलं. तुमी काऊन नाई सांगतलं?"

मॅडमनी तिला नियम सांगितला नाही. पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. नोकरी सोडल्याचं नंतर कळलं. मी फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. मला त्यांचाही राग आला. चीड गिळून घरी बसायची बाई नव्हती ती.

त्या मुलीची किमो आमच्याकडेच चालते. भाऊ एकदाही फिरकलेला नाही. सोबत असते सासू, डोणगावहून पहिल्या एसटीनं आलेली, डब्यात ज्वारीची पातळ आंबील घेऊन. सुनेचे केस गेले तेव्हा तिनं आपलंच मऊ लुगडं फाडून तिच्या डोक्याला बांधलं. सून ओकते तेव्हा घमेलं हिच्याच हातात असतं.

परवा मला राहवलं नाही. विचारलं, आजी, हे तुम्हाला आधीच कळलं असतं तर काय केलं असतं?

म्हातारी माझ्यावरच चिडली. "काय केलं असतं म्हंजे? तवाच घेऊन आली असती ना तिले."

हे ऐकायला मॅडम तिथं नव्हत्या.