चौधरीजींचे आमच्याकडचे चार दिवस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही. माझ्या पोटात तीळ भिजत नाही याची ह्यांना इतकी खात्री, की चारचौघांत मला ‘गावची दवंडी’ म्हणतात. म्हणू देत बापडे! दवंडीने एक गोष्ट चाळीस वर्षं गिळून ठेवली आहे, हे त्यांना कुठे माहीत?

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही त्या दोघांना ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता सत्तरी उलटली म्हणून. जाऊ दे, कारण शोधत बसले तर मी पुन्हा टाळाटाळ करीन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न झालं आणि ह्यांच्या संशोधनाच्या नोकरीमागे चंदीगडला येऊन पडले. पंजाबातली ती वाईट वर्षं, अतिरेक्यांची. माझी शाळा पिंजौरला, हरियाणा सरकारची. पिंजौरच्या बसमध्ये चढताना पोलीस जेवणाचा डबासुद्धा उघडायला लावायचे — माझी भेंडी त्या नाक्यावरच्या निम्म्या शिपायांनी पाहिली असेल. पण माणूस कशालाही सरावतो. डबा उघडायचा, मिटायचा, शाळेत जाऊन मुलांना गणित शिकवायचं. नोकरी हंगामी. उन्हाळ्याची सुट्टी आली की घरी बसा, जुलैत पुन्हा अर्ज करा! चार वर्षं तेच चाललं होतं.

घर भाड्याचं, वरचा मजला. खाली मालक — चौधरीजी आणि चाचीजी. ते हरियाणातल्या एका गावचे. चंदीगडची गंमत माहितीये ना? एका शहरात दोन राज्यांची सरकारं, गल्लोगल्ली आमदार, आणि शहरातल्या माणसाला मात्र आमदार निवडायला मत नाही! त्यामुळे निवडणूक आम्ही शेजारच्या घरातलं लग्न बघावं तशी बघायचो. त्या वर्षी मात्र लग्न आमच्याच घरात निघालं. चौधरीजी हरियाणाच्या विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले.

बरं, आले ते कसे? गावच्या चौपालात, म्हणजे पारावर, सगळ्यांसमोर शपथ घेऊन. तिकडे एक रीत आहे. पाण्याने भरलेल्या लोट्यात मीठ टाकायचं आणि म्हणायचं, शब्द मोडला तर या मिठासारखा विरघळून जाईन. चौधरीजींनी मीठ टाकून शब्द दिला होता, की सत्तेतल्या पक्षाला काही झालं तरी पाठिंबा देणार नाही. गावाची दोन वर्षं पाण्यावाचून गेली होती, रागच होता त्या सरकारवर. आणि लोटा कुणाचा? चाचीजींचा. स्वतः घरून भरून नेलेला.

आणि निकाल काय लागला? अधांतरी! बहुमत कुणालाच नाही. सत्तेतल्या पक्षाला थोडे कमी, समोरच्यांनाही थोडे कमी, आणि मधे आमच्या चौधरीजींसारखे चार अपक्ष. मग काय विचारता? दुसऱ्या दिवशी भर दुपारी मागच्या जिन्यावरून धापा टाकत एक सहा फुटी माणूस आमच्या स्वयंपाकघरात.

“बेटी, चार दिन छुपा ले. मराठों के घर में मुझे कौन ढूँढेगा?”

खरंच कुणी शोधलं नाही हो! सरकारने त्यांना एक गनमॅन दिला होता. तो बिचारा खाली फाटकाशी चाचीजींचे पराठे खात सगळ्यांना सांगायचा, साहेब मलाही चकवून गेले. आणि त्याला ते खरंच वाटत होतं. चाचीजींनी हुक्का पिठाच्या कोठीत लपवला. चौधरी हुक्का घेऊन गेला म्हणजे लांब गेला, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. खालच्या सोफ्यावर एका टोकाला सत्तेतल्या पक्षाची माणसं, दुसऱ्या टोकाला विरोधी पक्षाची. दोघांच्याही मांडीवर मिठाईचे खोके. चाचीजी पदर नाकापर्यंत ओढून एकच उत्तर द्यायच्या — हरिद्वार. मदतीला म्हणून मी खाली जाऊन चहा द्यायचे आणि हसू दाबायचे. वर हा माणूस ह्यांचा पायजमा घालून, तो नडगीपर्यंत चढलेल्या अवतारात कूलरसमोर बसून वरणभातावर साखर घालून खायचा! शेंगदाण्याची चटणी मात्र अशी आवडली, की चार दिवसांत माझा साताऱ्याहून आलेला डबा खडखडीत केला. चपातीला ‘कागज’ म्हणायचे. हे त्यांच्याशी पत्ते खेळायचे आणि रोज हरायचे. खरं सांगू? आयुष्यातले ते माझे सगळ्यात मजेचे चार दिवस होते. मजा आली, हे खोटं कशाला बोलू?

खोटं बोलले ते चौथ्या दिवशी.

थांबा. आधी हे सांगते, नाहीतर नंतर ते सबबीसारखं वाटेल. त्या दिवशी सकाळी शाळेत कारकुनाने कळवलं होतं, की या महिनाअखेर हंगामी मास्तरणींना मोकळं करणार आणि जुलैत परत घेतीलच असं नाही. मी घरी आले ती तोंड पाडून. चौधरीजींनी जेवताना विचारलं, मी सांगितलं. ते मिशीत हसले. “मंत्री बन गया तो तेरी नौकरी पक्की, समझ ले.” म्हणजे, सत्तेतल्या पक्षाकडून मंत्रिपदाचा सांगावा कुठून तरी येऊन पोचला होता तर! तोवर दोन अपक्ष इकडे आणि एक तिकडे गेला होता. आकडा असा येऊन अडला होता, की चौधरीजी गेले तर जुनं सरकार राहणार, नाही गेले तर पडणार.

पण घास त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. लोट्यातलं मीठ आठवत होतं त्यांना. शेवटी ताट सारून मला म्हणाले, “नीचे जा. अपनी चाची से पूछ के आ. वो जो कहेगी, वही करूँगा.”

ऐकलंत ना? वो जो कहेगी, वही. चाळीस वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलेय, की अहो, ते जाणारच होते, राजकारणी माणूस तो. पण नाही. त्यांनी निर्णय खाली पाठवला होता, आणि तो माझ्या हाती पाठवला होता. चाचीजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या वर आल्या असत्या तर सोफ्यावरची सगळी वरात मागोमाग जिना चढली असती. दोघांच्या मधे होते फक्त मी.

चाचीजी मागच्या अंगणात खाटेवर कैरीच्या फोडी वाळत घालत होत्या. मी शेजारी बसले, हलक्या आवाजात विचारलं. त्यांनी फोडी पसरणं थांबवलं नाही. म्हणाल्या, त्याला सांग, लोटा माझ्या हातचा होता. तो तिकडे गेला तर मी त्याच्या मंत्र्याच्या बंगल्यात पाऊल ठेवणार नाही. गावी जाऊन राहीन आणि त्याच्याशी बोलणार नाही. एवढंच. शांतपणे म्हणाल्या हो, दुधाचा हिशेब सांगावा तशा. मग मान वर करून एकच विचारलं, “नीट सांगशील ना?” मी हो म्हटलं.

जिन्याला सोळा पायऱ्या होत्या. पहिल्या पाच-सहा पायऱ्यांपर्यंत मी खरंच तो निरोप घेऊन चढत होते. मग? मग शाळा दिसली. जुलै दिसला. दर वर्षीचा तो अर्ज, ती रांग, ‘मॅडम, बघू’ म्हणणारा तो कारकून. आणि हे दिवसाउजेडी, शुद्धीवर असताना, सासरमाहेरच्या कुणीही डोक्यावर बंदूक न धरता माझ्या मनात आलं — त्यांना काय कळणार आहे?

मी वर जाऊन म्हटलं, “चाचीजी म्हणाल्या, तुम्हाला ठीक वाटेल ते करा. त्या तुमच्या पाठीशी आहेत.”

त्या माणसाचे डोळे भरून आले. “उसने ऐसा कहा?” मी मान डोलवली. त्यांनी ह्यांचा पायजमा बदलला, आपले पांढरे कपडे चढवले, पागोटं बांधलं आणि पुढच्या जिन्याने राजासारखे खाली उतरले. सोफ्यावरचा अर्धा भाग टाळ्या वाजवायला लागला, उरलेला अर्धा मिठाईचा खोका उचलून निघून गेला. चौधरीजींनी दारातून चाचीजींकडे वळून पाहिलं आणि हसले. आभार मानल्यासारखे हसले. चाचीजी हातात कैरीचं ताट घेऊन नुसत्या उभ्या होत्या. मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून दोघांना बघत होते. तेव्हासुद्धा ओरडून सांगता आलं असतं.

सरकार राहिलं. एका मताने! चौधरीजी राज्यमंत्री झाले, लाल दिव्याची गाडी आली, आणि दिलेला शब्द पाळून त्यांनी माझी नोकरी कायम केली. हो, मला दिलेला शब्द त्यांनी पाळला. चाचीजी शपथविधीच्या आधीच एक ट्रंक घेऊन गावी निघून गेल्या.

महिन्याभराने चौधरीजींनी मला बंगल्यावर बोलावलं. मोठा बंगला, मोठी बाग, आणि हा माणूस व्हरांड्यात एकटा. गावात लोक त्यांच्यासमोरून उठून जायचे, पण त्याचं त्यांना एवढं नव्हतं. विचारलं, “बेटी, उसने तो हाँ कहा था ना? फिर आती क्यों नहीं?”

पहिलं खोटं सोळा पायऱ्यांत सुचलेलं. या वेळी मला महिना मिळाला होता. मी म्हटलं, “हो चाचाजी, हो म्हणाल्या होत्या. बायकांचं मन, बदललं असेल.” म्हणजे बघा, स्वतःचं पाप झाकायला मी त्या माउलीलाच चंचल ठरवलं. याला काय म्हणायचं? मला एकच शब्द सुचतो आणि तो मी घरात मुलांना वापरू देत नाही.

पुढच्या निवडणुकीत तो पक्ष पालापाचोळ्यासारखा उडाला आणि चौधरीजींचं डिपॉझिट गेलं. घर विकून ते गावी गेले. चाचीजी त्यांना दोन वेळा जेवायला वाढायच्या, ताट ठेवून उठून जायच्या. बोलणं नाही. हे मला कसं कळलं? चाचीजींनीच सांगितलं. मला मुलगी झाली तेव्हा त्या तीन तास बसने, वाटेतल्या तपासण्या सोसत, डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या. मी नव्या भाड्याच्या घरात कायम नोकरीच्या भरपगारी रजेवर लोळत होते. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, खूप हसल्या, मला पोट बांधायचं कसं ते शिकवलं. आणि मग म्हणाल्या, “मला राग कशाचा आहे माहितीये? माझं म्हणणं ऐकूनही तो गेला. भांडला असता तर चाललं असतं. एकदा वर बोलावून भांडायचं तरी. तुझा काय दोष? तू तर नीट सांगितलंस, बेटी.”

आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

तेव्हा दोघंही जिवंत होते. एका घरात राहत होते. तिकडे जाणारी बस दर तासाला होती, आणि काम एका वाक्याचं होतं. चाचीजींनी डबा पुढे केला. मी ‘छान झालेत’ म्हटलं आणि दुसरा लाडू घेतला.