ओट्यावरचे दोन खिळे

रामदास गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मालेगावच्या एका व्यापाऱ्याशी दोरीच्या भावावरून भांडत होतो. तो सौदा मी अर्धवट सोडला. असं माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

रामदास सुरगाण्याकडचा. वादळात पत्रे उडालेल्या घरांवर ताडपत्री बांधणं हे त्याचं काम, आणि ताडपत्री विकणं हे माझं. ट्रकवरच्या जुन्या ताडपत्र्या फुटपाथवर विकत मी पेठ रोडला दुकान उभं केलं, कोणाच्या उपकाराशिवाय. त्यामुळे त्या दिवशी त्यानं जे केलं, ते मी विसरलेलो नाही. अवकाळीचं वादळ होऊन गेलेलं, दुकानात रांग लागलेली. पेठची एक बाई वीस बाय तीस फुटांची ताडपत्री घेऊन निघाली होती. रामदासनं ती ओट्यावर पसरली, टेपनं मोजली, ती कमी भरली, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "शेठ, ही आढ्यापर्यंत नाय पुरायची." लोक हसले. कडेच्या शिलाईत थोडं जातंच, सगळा बाजार तसाच विकतो, असं मी ओरडून सांगितलं आणि त्याला दुकानातून हाकललं. दोन वर्षं आम्ही बोललो नाही.

मग एका वादळानं माझ्याच घराचे पत्रे नेले. बायको कमरेचं ऑपरेशन होऊन पलंगावर, तिला हलवायची सोय नाही. माझ्या माणसांनी दुकानातली ताडपत्री चढवली, ती आढ्याला वीतभर कमी पडली. पाणी थेट पलंगाच्या उशाशी... मी खाली उभा राहून शिव्या देत होतो. कोणाला, ते सांगत नाही. तेवढ्यात रामदास आला. न बोलावता. त्यानं दुसरी ताडपत्री आढ्यावरून पलीकडे सोडली, कडा लाकडी पट्टीत गुंडाळल्या आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळल्या. दोरी वाऱ्याला तुटते, रबर ताण घेतं, हे त्याचं नेहमीचं म्हणणं. खाली उतरून चहा प्यायला, पण त्या वीतभराबद्दल चकार शब्द काढला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या सकाळी दुकानाच्या ओट्यावर फरशीच्या सांध्यांत तो मापासाठी दोन खिळे ठोकत होता, एकमेकांपासून बरोबर दहा फुटांवर. मी म्हणालो, "दुकान माझं आहे."

"दुकान तुमचंच, शेठ. पाऊस तुमचा नाय."

खिळे राहिले. माझी तक्रारही राहिली. त्या दिवशी रांगेसमोर नाही, बाजूला घेऊन सांगायचं होतं, असं मी त्याला पुढे कितीतरी वेळा सुनावलं. तो हसायचा. "बाजूला सांगितलं असतं तर ऐकलं असतं का?" याचं उत्तर मला माहीत होतं. ते मी त्याला शेवटपर्यंत दिलं नाही.

आज माझ्या दुकानाचं माप पेठ-सुरगाण्यापर्यंत कोणी तपासत नाही. भाव मी अजूनही सोडत नाही. गेल्या आठवड्यात सुरगाण्याचं एक गिऱ्हाईक ताडपत्री पसंत करून समोर चहाला गेलं. मी गुडघे टेकून ती या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत धरत मोजली. चार बोटं कमी भरली. घडी घालून बाजूला टाकली, दुसरी काढली. दुकानात तेव्हा बघणारं कोणीही नव्हतं.