थेंबातला साडू

माझा साडू शिमशोन अत्यंत सज्जन माणूस आहे. त्याबद्दल मी त्याला अजूनही माफ केलेलं नाही.

तो हैफाला राहतो, आम्ही डिमोनाला. त्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो, आमच्या खिडकीतून वाळू. तेही मी गिळलं होतं. पण एकदा त्याने स्वतः काढलेला एक फोटो पाठवला आणि रिबेकाने, म्हणजे माझ्या बायकोने, तो थेट फ्रिजच्या दारावर लावला. पडता पडता हवेत थांबलेला पाण्याचा एक थेंब, आणि त्या थेंबात अख्खं लाल फूल!

"बघा तरी! एवढ्याशा थेंबात फूल पकडलं भाऊजींनी!"

"थेंबामागे फूल ठेवलं की थेंबात फूलच दिसणार. उंट थोडाच दिसेल?"

"मग काढा की तुम्ही एक. आपल्याकडेही नळ आहे."

झालं! दूध काढायला गेलो की फूल, लोणी काढायला गेलो की फूल. (मी चहा कोरा प्यायला लागलो. रिबेकाने ते पाहिलं, पण कारण विचारलं नाही.) फ्रिज माझा, पगार माझा, आणि दारावर शिमशोन! ते दार मला परत हवं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर बोरिस नावाचा इंजिनिअर नुकताच रशियाहून येऊन राहिला होता. त्याने सोबत आणलेला कॅमेरा मी उसना घेतला. वजनाला पाटा-वरवंट्याचा सख्खा भाऊ! दुधाच्या रिकाम्या पिशवीत पाणी भरलं, खाली सुईने भोक पाडलं, आणि ती बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीला टांगली. टप, टप, टप. मी आणि थेंब, एकमेकांवर टपून! पहिला रोल धुऊन आणला, तर छत्तीस फोटोंत एकही थेंब नाही. दुसऱ्या रोलमध्ये एक सापडला. त्यात आमची चहाची किटली होती, पण चक्क डोक्यावर उभी.

तेव्हा मला साडूची चलाखी कळली. थेंबातून पलीकडचं सगळं उलटं दिसतं! फूल गोल, त्यामुळे त्याचं उलटंसुलटं कुणाला कळतंय? म्हणजे वस्तूच उलटी टांगली, तर थेंबात ती सरळ दिसणार. आता शिमशोनच्या फुलाला मात देईल अशी वस्तू हवी होती. मी दिवाणखान्यात आलो, आणि भिंतीवरून एलियाहू हनबीने माझ्याकडे पाहिलं.

मुंबईहून येताना सासूबाईंनी मांडीवर धरून आणलेली ही आमच्या प्रेषिताची तसबीर. अग्निरथ, घोडे, सोनेरी चौकट. शिमशोनच्या थेंबात फूल, माझ्या थेंबात साक्षात नबी! फूल बिचारं कुठवर टिकेल?

माझी चूक एवढीच, की मी दिवस निवडला तू बिश्वातचा, म्हणजे झाडांच्या सणाचा. त्या दिवशी आम्हा मराठी ज्यूंकडे नबीच्या नावाने मलिदा असतो. पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि सगळे नातेवाईक. पण नातेवाईक चारला येणार होते. मी दोनलाच तसबीर थेंबामागच्या दोरीला उलटी टांगली, कपड्यांच्या चार चिमट्यांनी.

"अबा, दाय!" माझी मुलगी ओर्ली म्हणाली. (म्हणजे "बाबा, पुरे!" ती माझ्याशी बहुतेक एवढंच बोलते.)

"हलू नकोस. थेंब येतोय."

तेवढ्यात मागून नारळ पडल्याचा आवाज झाला. नारळच पडले होते. किर्यात मलाखीहून सासूबाई लवकरची बस धरून आल्या होत्या.

"अहो जावईबापू," त्या म्हणाल्या, "हे काय करता?" मग त्यांना नीट दिसलं. "अरे मेल्या! नबीला उलटा टांगलास? मलिद्याच्या दिवशी?"

"आई, थेंबात ते सरळ दिसतात!"

"आणि तुझं डोकं कशात सरळ दिसतं?"

एवढ्यात एक चिमटा सुटला. मग दुसरा. तसबीर लटकली आणि सासूबाईंनी किंकाळी फोडली. त्यांच्या मागून कुणीतरी वाऱ्यासारखं धावलं, दोरीखालून पलीकडे गेलं आणि तसबीर दोन्ही हातांनी वरच्या वर झेलली. शिमशोन! (तोही लवकर आला होता. सज्जन माणसं नेहमी लवकर येतात.) दचकून माझं बोट दाबलं गेलं. फ्लॅश उडाला.

मलिदा झाला. त्यात माझ्या वतीने नबीची माफीही मागितली गेली. सगळ्यांनी शिमशोनची पाठ थोपटली. मी फोडलेले नारळ खवत बसलो.

रोल धुऊन आला, आणि मी दुकानातच उडी मारली. एकच थेंब मिळाला होता, पण काय थेंब! लख्ख, गोल, आणि आत नबी अगदी सरळ, अग्निरथासकट. तसबीर धरणारा शिमशोन मात्र खाली डोकं, वर पाय!

रिबेकाने फूल काढलं आणि माझा फोटो फ्रिजवर लावला. दार परत मिळालं! त्यातून आणखी मजा म्हणजे फोटो कुणाला फिरवता येईना. साडूला सरळ करावं तर नबी उलटे होतात. म्हणजे धर्माच्याच आज्ञेने शिमशोन माझ्या घरात कायमचा उलटा! मी पुन्हा चहात दूध घालायला लागलो.

मग पेसाहच्या सणाला सासूबाई आल्या. चष्मा लावून फ्रिजसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी मागे उभा, कौतुक झेलायला तयार.

त्यांनी डोळे पुसले. "बघ गो रिबेका. नबीला सरळ ठेवायला स्वतः उलटा झाला! असा जावई मिळायला नशीब लागतं."

"आई, फोटो मी काढलाय!"

"असेल. पण तुम्ही कुठे दिसत नाही त्यात."

त्या दिवसापासून मी भिंतीला पाय टेकवून रोज शीर्षासन करतोय. पुढच्या तू बिश्वातला बटण ओर्ली दाबणार आणि उलटा मी होणार! परवा पहिल्यांदा पाय नीट वर गेले, चांगली दोन मिनिटं टिकलो, आणि त्याच अवस्थेत माझ्या लक्षात आलं, की थेंबात मी सरळ दिसणार.