दुपारचा पहारा

त्या वर्षी माझं आणि विठ्ठलाचं बोलणं बंद होतं. म्हणजे मीच बंद केलं होतं, तो तर आधीही काही बोलत नव्हता. सकाळी देवळावरून टेम्पो नेताना हात आपोआप कपाळाकडे जायचा, तो मी मुद्दाम स्टिअरिंगवर दाबून धरायचो. एवढी वर्षं टाळ कुटले, त्याचं हे फळ दिलंस, असं मनात यायचं. मी मूळचाच तापट, आणि तेव्हा तर राग धरायला दुसरं कुणी समोरच नव्हतं.

आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आहे. झालं होतं ते असं. माझी पाण्याची मोटार जळली, म्हणून ती ताडपत्रीखाली घालून मी भोरला वाइंडिंगला निघालो होतो. नेमकी त्याच पहाटे आमच्या वाडीतल्या दगडूनानांची मोटार धरणाच्या पाण्यावरून चोरीला गेली. वाटेत पोलिसांनी टेम्पो थांबवला, ताडपत्री उचलली, आणि नानांना बोलावून विचारलं. नाना म्हणाले, "हीच माझी." माझी जळलेली आहे म्हणून सांगितलं, तर पोलीस म्हणाले, चोरताना तूच जाळली असशील. अख्ख्या वाडीनं एकाच दुकानातून, एकाच निळ्या रंगाच्या मोटारी घेतलेल्या. नानांना खरंच तसं वाटलं असेल. पण ज्या माणसानं मला लहानपणी हात धरून टाळ वाजवायला शिकवलं, त्यानं माझ्याकडे न बघता बोट दाखवलं, हे काही केल्या गिळता येईना.

जामिनावर सुटून आलो तेव्हा वाटलं होतं, दोन दिवसांत सगळं मिटेल. पण लोक वाईट बोलले असते तर बरं, असं वाटायची पाळी आली. कुणी काही बोलतच नव्हतं. यष्टीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. "रामकृष्णहरी" म्हणणारे मोबाईलमध्ये बघायला लागले. भाताची पोती न्यायला लोक दुसऱ्या गावातून गाडी बोलवायचे. पोरांच्या शाळेसाठी बायको भोरला खोली घेऊन राहायची, त्यामुळे घरात मी एकटा. एकट्यापुरती भाकरी थापायची, आणि तीही अर्धी उरायची.

मग खाली हायवेकडे मोटारी चोरणारी टोळी सापडली. त्यांच्याकडच्या मालात नानांची मोटार असणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. माझे वकील म्हणाले, "आता सोपं आहे. नानांनी जाऊन मोटार ओळखायची, पुरवणी जबाब द्यायचा. मग तुमचं नाव वगळल्याचा अहवाल कोर्टात जाईल." मी आनंदानं घरी आलो आणि वाट बघत बसलो. नानांना निरोपावर निरोप गेले. नाना गेलेच नाहीत. कधी गुडघा दुखायचा, कधी पाहुणे यायचे. त्यांचा गहू पाण्यावाचून पिवळा पडायला लागला, तरी हा माणूस स्वतःची मोटार ओळखायला जाईना. ती ओळखायची म्हणजे आधीची ओळख चुकली हे चारचौघांत कबूल करायचं. इतक्या वयाच्या, मानाच्या माणसाला ते जड गेलं असेल, हे आज कळतं. तेव्हा मी फक्त दात खात होतो.

माघात आमच्याकडे सप्ता बसतो. सात दिवस नामाचा गजर, आणि तेवढे दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पुढचा पहारेकरी आल्याशिवाय आधीच्यानं हलायचं नाही, आणि देताघेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मग लहानमोठा कुणी का असेना. त्या वर्षी मला कुणी पहाऱ्याचं विचारलं नाही. नको जायला, असं ठरवलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवून आडवे झाल्यावर, पाय तिकडेच गेले. बाहेर चपलांपाशी बसलो.

आत वीणा घेऊन एक अनोळखी म्हातारे उभे होते. डोक्याला मळकं मुंडासं, पाय धुळीनं भरलेले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ए बाबा, हितं ये. जरा धर ही."

मी हात जोडले. "म्हाराज, न्हाई जमायचं. माझ्यावर केस हाय."

"आरं, मला बाहेर जायचंय," ते कळवळून म्हणाले. "केसचं मग सांग."

काय करणार? हसू आलं, कित्येक महिन्यांनी. हातपाय धुऊन आत गेलो. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. अटक झाल्यापासून मला कुणी हातही लावला नव्हता. त्यांच्या कपाळाचा ऊबदार स्पर्श पायाला झाला आणि मीही वाकून त्यांच्या पाया पडलो.

ते गेले ते आलेच नाहीत. पुढचा पहारा दगडूनानांचा होता. ते वेळेवर आले, दारात थबकले, मला बघितलं आणि तसेच माघारी फिरले. माझ्या पाया पडावं लागणार, म्हणून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ठेवावी वीणा खाली, मोडू दे सप्ता, कळू दे सगळ्यांना कुणामुळे मोडला. तसा वाकलोही थोडा. पण हात काही पट्ट्याकडे जाईना. वीणा माझी नव्हती, ती कुणीतरी माझ्याकडे विश्वासानं दिली होती. मी परत ताठ उभा राहिलो. पायांना मुंग्या आल्या, तारेनं बोट सोललं, सावली कासवाच्या दगडावरून सरकत भिंतीपर्यंत गेली. हळूहळू दाराकडे बघणं सुटलं. विठ्ठलाला म्हणालो, आता तुझं तू बघ, मी उभा आहे. महिनोन् महिने मी वाट बघत होतो, पण न रागावता वाट बघितली ती त्या दुपारी पहिल्यांदा.

हरिपाठाला माणसं यायला लागली तेव्हा नाना आले. सगळ्यांसमोर वाकले, आणि डोकं लवकर उचललंच नाही. मीही त्यांच्या पाया पडलो. वीणा गळ्यात घेताना ते हळूच म्हणाले, "सप्ता उठला का टेम्पो काढ. मोटार वळखायला जायाचंय. भाडं घे, फुकट न्हाई येनार म्या."

नानांनी जबाब दिला. त्यानंतरही अहवाल जायला, कोर्टानं नाव वगळायला पावसाळा उजाडला. पण ते दिवस मी उभ्यानं काढले, कुढत नाही. ज्या दिवशी सुटलो त्या दिवशी भोरच्या स्टँडवर एकटाच बसून चहा प्यायलो आणि पोटभर रडलो.

त्या म्हाताऱ्या बाबांची नंतर चौकशी केली. कुणी म्हणे कीर्तनकारांबरोबरचे, कीर्तनकार म्हणे आमच्यातले नव्हेत, कुणी म्हणे घाटाखालून महाडकडून आले असतील. मग मी विचारणं सोडून दिलं. वेळेला आले, एवढं मला पुरे आहे.

आता दर माघात दुपारचा पहारा मी मागून घेतो. नानांचा गुडघा आता खरंच दुखतो, त्यामुळे त्यांना पहाऱ्याला उभं राहू देत नाहीत, पण माझ्या आधी कुणीतरी उभं असतंच. मी वेळेच्या बराच आधी जाऊन त्याला दिसेन असा दारात बसतो. आत उभ्या असलेल्या माणसाला आपल्यामागे कुणी येतंय की नाही, ही काळजी नको.