टॉवेलाखालचा हात

मला माझ्या दोस्तानं फसवलं. बाजारानं नाही, मोबाइलनं नाही. बाजाराच्या नावानं रडणारा मी नव्हे.

आम्ही दोघं वडगावच्या जनावरांच्या बाजारात म्हशींचे दलाल. तिथं भाव तोंडानं ठरत नाही. टॉवेलाखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबायची, तोच सौदा. वरून मी शिव्या देईन, रागानं उठून जाईन, गिऱ्हाइकाची आई-बहीण काढीन. पण टॉवेलाखाली दाबलेलं बोट कधी फिरवलं नाही. त्यानंही नाही. बापानं मला काही ठेवलं नव्हतं. जे उभं केलं ते या हातावर.

गुडघे दुखायला लागले तसा त्यानं बाजार सोडला आणि मोबाइलवर शेअर घ्यायला लागला. सकाळी गंगावेशीत चहाच्या गाड्यावर बसून मला शिकवायचा.

"ह्यो आरएसआय. भावाची चाल दावतो. आकडा सत्तरच्या वर गेला म्हंजे म्हस लई पळाली, आता दम खाणार. तीसच्या खाली आला म्हंजे दमून बसलीय. आता उठंल."

"आन् न्हाई उठली तर?"

"अरं, एवढा दलाल तू, आन् हे मला इचारतोस व्हय?"

मी हसलो. म्हशीच्या भाषेत सांगितलं आणि मला वाटलं, कळलं.

पाडव्याच्या तोंडावर एक दिवस त्यानं कुठल्याशा छोट्या कंपनीचा शेअर दाखवला. आकडा तीसच्या बराच खाली. मी कां-कूं करत होतो. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, आमच्या हातांवर टाकला आणि माझी पाची बोटं एकदम दाबली. आमच्यात त्याचा अर्थ एकच: डोळं झाकून घे.

मी गोठ्यातल्या दोन दुभत्या म्हशी विकल्या आणि घेतला.

आकडा खालीच राहिला आणि भाव आणखी खाली गेला. "अजून दमलीय, दम धर की," तो म्हणायचा. मग गाड्यावर यायचाच बंद झाला. आजारी असेल म्हणून मी त्याच्या घरी गेलो. तो बाहेर गेला होता. वहिनींनी चहा ठेवला. मी शेअरचं नाव काढलं तर त्या सहज बोलल्या, "ते व्हय? यांनी पाडव्याच्या आधीच विकलं की सगळं. गिऱ्हाईकच मिळत नव्हतं म्हणं. तुमाला बोलले न्हाईत?"

पाडव्याच्या आधीच त्यानं माझी बोटं दाबली होती. गिऱ्हाईक मीच होतो. मी म्हशी विकत होतो आणि तो मला त्याचा शेअर.

तो आला तेव्हा मी दारातच गचांडी धरली. त्यानं हात सोडवलासुद्धा नाही.

"आकडा तीसच्या खाली हुता का न्हवता? मी खोटं काय बोललो, सांग की!"

खरंच, तोंडानं तो काही खोटं बोलला नव्हता. आकडाही खोटा नव्हता. म्हैस बसलीय एवढंच आकडा सांगतो. दमून बसलीय का आजारी पडून, ते जवळ जाऊन तिच्या नाकाला हात लावल्याशिवाय कळत नाही. हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं. इथं मी नाकाला हात लावला नाही, कारण माझा हात त्याच्या हातात होता.

म्हशी परत घेईन. ती अक्कल आहे माझ्याकडे. पण चहावाला रोज विचारतो, "जोडीदार कुठं हाय?" आणि मी अर्धा चहा तसाच ठेवून उठतो.

तो माझा फोन उचलत नाही. हे वाचेल, किंवा कुणीतरी त्याला वाचून दाखवेल. तर ऐक. तोंडाचा जवाब मला नको, तोंडानं आपण दोघंही जन्मभर खोटंच बोललो. गाड्यावर ये. टॉवेल मी आणतो. माझ्या हातात हात दे आणि दाबून सांग, त्या दिवशी ती पाच बोटं कुणाची होती? दोस्ताची, का विकणाऱ्याची?