पोत्यात माल काय हाय?

मी लातूरला एका शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे पोरांकडून फुलदाणी आणि निसर्गचित्र काढून घेते आणि शिक्षकांच्या खोलीत समकालीन कलेवर मोठमोठ्या गप्पा मारते. माझी माय उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, फाटका बारदाना शिवते. दाभणात सुतळी ओवून धान्याच्या पोत्यांना ठिगळं लावण्यात तिची उमर गेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच मोंढ्यात हमाल होते. तिनं शिवलेली पोती ते पाठीवर वाहायचे.

साथीच्या वर्षी अण्णा दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. आमच्याकडे माणूस गेलं की बायका भेटायला येतात, उंबऱ्यातच एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि मोठ्यानं रडतात. कॉलेजात असताना मला हा तमाशा वाटायचा. तेव्हा अक्कल कमी होती. त्या वर्षी गल्लीच्या तोंडाला आडवे बांबू बांधलेले होते. कुणी आलं नाही, सगळ्यांनी फोनवरच "काळजी घ्या" म्हणून घेतलं. फोनच्या गळ्यात कसं पडणार? माय रडलीच नाही. मोंढा उघडला तशी ती कामाला गेली आणि तिचं बोलणं 'हाव' आणि 'न्हाई'वर आलं. ही अशीच आतल्या आत संपून जाईल, अशी मला भीती वाटायची.

अण्णांचे कपडे तिनं कुणाला देऊ दिले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तर मागच्या खोलीत पोती रचलेली. एकेका पोत्यात अण्णांचा एकेक कपडा, भोवती सोयाबीनचं भुसकट आणि तोंड शिवून टाकलेलं. धोतर, बंडी, डोक्याला बांधायचा पंचा, लग्नाकार्याला घालायचा निळा सदरा. एरवी कामाच्या घाईत ती लांब लांब टाके घालते. या पोत्यांवर मात्र मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक टाके होते, एकावर एक, जिथं फाटलेलं नव्हतं तिथंही. मी कलेची पदवी घेतलेली बाई, पण इतकं खरं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. थोडी जळफळले, पण ते मान्य केलं.

"माय, हे लातूरच्या प्रदर्शनात ठेवू."

"पोत्याला कोन बघतंय?"

"मी बघायले की."

ती 'न्हाई' म्हणाली नाही. तोच मी होकार धरला.

अण्णांच्या जोडीच्या हमालांनी पोती टेम्पोत घालून आणली. हॉलच्या मधोमध मी ती मोठ्या कलात्मकपणे पसरायला लागले, तर एक जण म्हणाला, "सरका ताई. थप्पी अशी लावत न्हाईत." त्यांनी एक थर उभा, एक थर आडवा अशी मोंढ्यातल्यासारखी थप्पी लावून दिली. माझ्या मांडणीपेक्षा ती शंभर पटींनी बरी दिसत होती. पोती इतकी हलकी कशी, हे कुणी विचारलं नाही.

उद्घाटनाला हमाल मायला आणि आपापल्या बायकांना घेऊन आले. ज्यांच्या आडतीच्या दुकानावर अण्णांनी जन्म काढला ते अप्पाही आले. ऐंशीला टेकलेले, कपाळभर विभूती. लातूरची जाणकार मंडळी हात मागे बांधून, मान तिरकी करून बघत होती. अप्पा थेट थप्पीपुढे गेले आणि खिशातून त्यांनी परखी काढली. परखी म्हणजे टोकदार पोकळ नळी. पोत्यात खुपसली की नमुन्याचे दाणे हातावर येतात. बंद पोतं समोर दिसल्यावर आडत्याचा हात गप्प कसा बसेल? मी "अप्पा, नको" म्हणेपर्यंत परखी आत गेलीसुद्धा. तळहातावर भुसकट आलं आणि एक निळा दोरा.

अप्पा गोंधळले. मायकडे वळून त्यांनी मोंढ्यातला रोजचाच प्रश्न विचारला, "माल काय हाय गं ह्यात?"

"ह्यांचे कपडे हायत, अप्पा," माय म्हणाली.

आणि तिला हुंदका फुटला. हमालांच्या बायका धावल्या, तिच्या गळ्यात पडल्या आणि त्या चकचकीत फरशीवर सगळ्याजणी बसून, हेल काढून, मोकळ्या गळ्यानं रडल्या. व्यवस्थापक पळत आले, "मॅडम, काही प्रॉब्लेम?" शाळेत शुद्ध बोलणारी मी त्यांना म्हणाले, "काई न्हाई, रडायल्यात. रडू द्या." मीही त्यांच्यातच जाऊन बसले.

बऱ्याच वेळानं मायनं पदरानं तोंड पुसलं. "अप्पा, भोक पाडलं की वो," असं त्यांना चारचौघांत झापलं, पिशवीतून दाभण काढलं आणि भोक शिवायला बसली. किती दिवसांनी ती कुणाला तरी रागावली होती! जाणकार मंडळी तिच्याभोवती कोंडाळं करून, मान सरळ ठेवून बघत राहिली. माझी छाती अभिमानानं फुगली होती.

तेवढ्यात माझं लक्ष थप्पीशेजारच्या कार्डाकडे गेलं. कलाकार म्हणून माझं नाव, आणि खाली बारीक अक्षरात 'साहाय्य' म्हणून मायचं. ते मीच लिहिलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. कार्ड काढलं, उलटं केलं आणि पेन उघडलं.

"माय, पूर्ण नाव सांग."

मला ते काय माहीत नव्हतं? पण तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तिची रीत. रेशनच्या रांगेत काय, दवाखान्याच्या खिडकीवर काय, ते नाव सांगायची वेळ आली की ती मला पुढं ढकलायची. अण्णांचं नाव तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

माय दाभण हातात तसंच धरून उठली. अप्पांसमोर, हमालांसमोर, सगळ्या हॉलसमोर तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोठ्यानं, स्पष्ट, अण्णांचं नाव घेतलं.

"लिही," ती म्हणाली. "मोठं लिही."